ईटीएफ आले, मग बिटकॉइनचे हेलकावे गेले कुठे? फंडांचा पैसा आणि भावातली अस्थिरता

घनमूळ

‘ईटीएफ आल्यापासून बिटकॉइन शांत झालं’ आणि ‘मोठे फंडच आता भाव पाडतात, तेच चढवतात’ ही दोन वाक्यं हल्ली इतक्यांदा कानावर येतात की दोन्ही एकदा नीट तपासून घ्यावीत म्हणून धागा काढतो आहे. ईटीएफ म्हणजे ज्याची युनिट शेअरसारखी बाजारात विकली जातात असा फंड. माझं मत आधीच सांगतो. फंडांच्या पैशाने चढउतार संपलेले नाहीत, त्यांची जागा आणि वेळ बदलली आहे. एरवीचे दिवस पूर्वीपेक्षा सपाट जातात, पण मोठा दणका बसतो तो बहुतेकदा फंडांची दारं बंद असताना.

आधी यंत्रणा बघू, कारण निम्मे गैरसमज तिथेच आहेत. अमेरिकेच्या एसईसीने (तिथली शेअरबाजाराची नियामक संस्था) १० जानेवारी २०२४ ला अकरा स्पॉट, म्हणजे प्रत्यक्ष बिटकॉइन धरणाऱ्या, बिटकॉइन ईटीएफना एकदम मंजुरी दिली आणि दुसऱ्या दिवशी व्यवहार सुरू झाले. त्यातला सगळ्यात मोठा झाला तो ब्लॅकरॉकचा आयबिट. आयबिटचं युनिट कुणी घेतलं म्हणून त्या क्षणी बिटकॉइन विकत घेतलं जातं असं नाही. युनिट दुसऱ्या धारकाकडून नाहीतर मार्केट मेकरकडून (सतत खरेदी-विक्रीचे भाव देणाऱ्या व्यापाऱ्याकडून) येतं. मागणी वाढून युनिटचा भाव आतल्या बिटकॉइनच्या किमतीपेक्षा वर सरकला, की ऑथराइज्ड पार्टिसिपंट, म्हणजे फंडाकडून थेट युनिट काढायची परवानगी असलेली संस्था, पुढे येतो (आयबिटसाठी सुरुवातीला जेन स्ट्रीट आणि जेपी मॉर्गन होते) आणि नवी युनिट काढून घेतो. ही सुटी मिळत नाहीत, ४०,००० च्या गठ्ठ्यात मिळतात. सुरुवातीला एका युनिटमागे सुमारे ०.०००५७ बिटकॉइन होतं, म्हणजे एक गठ्ठा जवळपास २३ बिटकॉइनचा.

आता खरी गंमत. सुरुवातीचं दीड वर्ष हा व्यवहार फक्त रोखीने करायला परवानगी होती. पार्टिसिपंट डॉलर भरणार, फंड त्याचे बिटकॉइन घेणार. फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटमागच्या मालमत्तेचं मूल्य, ठरते न्यूयॉर्कच्या दुपारी चारच्या संदर्भ दरावर. हा दर म्हणजे चारच्या ठोक्याचा भाव नव्हे. तीन ते चार या तासाचे पाच-पाच मिनिटांचे १२ तुकडे करतात, प्रत्येक तुकड्याचा उलाढालीने तोललेला मध्यक काढतात आणि बाराही आकड्यांची सरासरी घेतात. खरेदी या दरापेक्षा महाग पडली तर फरक पार्टिसिपंटच्या खिशातून जातो. मग तो काय करेल? त्याच तासात, त्याच १२ तुकड्यांत खरेदी पसरून करेल. त्यामुळे फंडांची खरी खरेदी-विक्री दिवसभर विखुरण्याऐवजी या एका तासाकडे ओढली जाते. आपल्याकडे हा तास उन्हाळी वेळेत रात्री साडेबारा ते दीड, हिवाळ्यात दीड ते अडीच.

रेवा

धागा छान, घनमूळदादा. पुढे जाण्याआधी मोजमापाचं ठरवून घेऊ या, नाहीतर सगळे वेगवेगळ्या पट्टीने मोजत बसतील.

अस्थिरतेसाठी रोजच्या बंद भावाचा लॉग परतावा (आजच्या आणि कालच्या भावाच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम) काढायचा, ३० दिवसांचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा फैलाव) घ्यायचं आणि वर्षाच्या हिशेबाला आणायचं. गफलत शेवटच्या पायरीवर होते. शेअरबाजाराची सवय असलेला माणूस २५२ च्या वर्गमूळाने गुणतो, म्हणजे १५.९ ने. बिटकॉइन शनिवार-रविवारही चालतं, त्यामुळे ३६५ चं वर्गमूळ हवं, म्हणजे १९.१. रोजचं विचलन २ टक्के असेल तर पहिल्या हिशेबाने ३२ टक्के येतात, दुसऱ्याने ३८. मी बघितलेल्या अर्ध्याअधिक तुलनांमध्ये सोन्याला आणि बिटकॉइनला एकच गुणक लावलेला असतो.

दुसरी गफलत बंद भावाची. क्रिप्टोचा दिवस बहुतेक ठिकाणी जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्री, आपल्या पहाटे साडेपाचला बंद होतो, आणि ईटीएफचा न्यूयॉर्कला चार वाजता. ईटीएफच्या रोजच्या भावावरून अस्थिरता काढली तर शनिवार-रविवारची सगळी पळापळ सोमवारच्या एका उडीत दडपली जाते. कमाल-किमान भाव धरणारी पद्धत वापरलीत तर दिवसातल्या दिवसात खाली जाऊन परत वर आलेले झटके तरी दिसतात. १० ऑक्टोबर २०२५ सारखा अचानक कोसळण्याचा दिवस नुसत्या बंद भावावरून मोजणं म्हणजे पूर ओसरल्यावर नदीची पातळी बघण्यासारखं आहे.

आणि बाजाराला पुढे किती हेलकावे अपेक्षित आहेत ते हवं असेल तर ऑप्शनच्या (ठरलेल्या भावाला पुढे घेण्या-विकण्याच्या हक्काच्या) भावातून निघणारा निर्देशांक बघा. डेरिबिट या ऑप्शन एक्स्चेंजचा डीव्हॉल २०२१ पासून उपलब्ध आहे.

कोकणकडा

यंत्रणा मान्य, पण फंडांच्या पैशाने भाव हलत नाही असा अर्थ कुणी काढू नये. जानेवारी २०२४ च विसरलात का? व्यवहार सुरू झाले त्या दिवशी बिटकॉइन ४९,००० डॉलरला टेकलं आणि २३ जानेवारीला ३९,००० च्या खाली होतं. बारा दिवसांत वीस टक्के. हे फंडांमुळेच झालं.

घनमूळ

हो, पण कोणत्या फंडामुळे आणि का, ते पाहिलं पाहिजे. ती घसरण मुख्यतः ग्रेस्केलच्या जुन्या ट्रस्टची. तो २०१३ पासून होता, पण त्याला बाहेरचं दारच नव्हतं. युनिट निघायची, परत देऊन बिटकॉइन मिळायचं नाही. मागणी होती तोवर युनिट आतल्या बिटकॉइनपेक्षा महाग विकलं जायचं. मोठे खेळाडू ट्रस्टकडून एनएव्हीच्या दराने युनिट घ्यायचे, सहा महिने अडकवून ठेवायचे आणि चढ्या भावाने बाजारात विकायचे. फेब्रुवारी २०२१ मध्ये हा प्रीमियम उलटून सूट झाली आणि उसन्या पैशावर हा खेळ करणारे अडकले. थ्री ॲरोज कॅपिटल ही क्रिप्टो फंड कंपनी २०२२ मध्ये बुडाली त्यात या अडकलेल्या युनिटांचा मोठा वाटा होता. डिसेंबर २०२२ ला तर सूट पन्नास टक्क्यांच्या जवळ पोचली होती.

२९ ऑगस्ट २०२३ ला ग्रेस्केलने एसईसीविरुद्ध अपील न्यायालयात बाजी मारली आणि ट्रस्टचा ईटीएफ होणार हे जवळपास नक्की झालं. सूट भरत गेली. ११ जानेवारी २०२४ ला दार उघडलं तेव्हा आत सुमारे ६.२ लाख बिटकॉइन होते. शुल्क दीड टक्का, आणि शेजारी आयबिट पाव टक्क्याला. साहजिकच लोक निघाले. त्यातले काही नुसते घर बदलत होते, म्हणजे ग्रेस्केलमधून विकून दुसऱ्या ईटीएफमध्ये. त्यांच्यामुळे भावावर निव्वळ दाब येत नाही. पण सवलतीच्या भावात घेऊन बसलेले नफा करून कायमचे बाहेर पडले आणि एफटीएक्स या बुडालेल्या क्रिप्टो एक्स्चेंजच्या दिवाळखोरीतल्या मालमत्तेनेही आपली सुमारे एक अब्ज डॉलरची युनिट विकली. ही विक्री खरी होती.

म्हणून ‘संस्थात्मक पैसा’ हा एकच ढीग समजू नका. दार नसलेला ट्रस्ट वर्षानुवर्षे दाब साठवतो आणि दार उघडल्यावर एकदम सोडतो. दोन्हीकडून खुला ईटीएफ तोच दाब रोज थोडाथोडा सोडतो. तोच पैसा, तेच नाणं, फक्त रचना वेगळी आणि परिणाम उलटा.

स्ट्रॅटेजीसारख्या (पूर्वीची मायक्रोस्ट्रॅटेजी) स्वतःच बिटकॉइन घेऊन ठेवणाऱ्या कंपन्याही यात मिसळू नका. ऑगस्ट २०२० मध्ये २१,४५४ बिटकॉइन घेऊन त्यांनी सुरुवात केली, आणि पुढचा पैसा शेअर व परिवर्तनीय रोखे विकून उभा केला. तिथे शेअरधारकाला बिटकॉइन मागता येत नाही, त्यामुळे त्याच्या घाबरण्याने कंपनीला विकावं लागत नाही. पण शेअरचा प्रीमियम आटला की नवी खरेदी थांबते. हा वेगळ्या धाग्याचा विषय.

हिशेबनीस

वरच्या चर्चेत सर्वांत महत्त्वाचा धागा राहिला आहे: बेसिसचा सौदा, म्हणजे हजर भाव आणि वायद्याचा भाव यांतल्या फरकावर कमावणे. रोज संध्याकाळी ‘ईटीएफमध्ये इतके कोटी आले, इतके गेले’ असे जे आकडे फिरतात, त्यांचा अर्थ या सौद्याशिवाय लागत नाही.

उदाहरण घेऊ. बिटकॉइनचा हजर भाव ६०,००० डॉलर आणि ३० दिवसांनी संपणारा सीएमईचा (शिकागोचा वायदे बाजार) वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा करार, ६०,६०० ला आहे. फरक ६००, म्हणजे महिन्याला १ टक्का, वर्षाला १२ टक्क्यांच्या वर. फंड काय करतो? सीएमईचा एक वायदा विकतो. तो ५ बिटकॉइनचा असतो, म्हणजे ३ लाख डॉलर. समोर तेवढ्याच बिटकॉइनची आयबिट युनिट घेतो, ०.०००५७ ने भागले की सुमारे ८,७७० युनिट. आता भाव दुप्पट होवो की निम्मा, वायद्याची मुदत संपेपर्यंत ६०० डॉलरचा फरक मिटणार आणि तो फंडाच्या पदरात पडणार. त्यातून मार्जिनसाठी (सौद्यापोटी भरायच्या अनामत रकमेसाठी) अडकलेल्या पैशाचा खर्च आणि ईटीएफचे शुल्क वजा करा. उरलेला परतावा अमेरिकी ट्रेझरी बिलापेक्षा चांगला असेल तोवर सौदा चालू.

या फंडाला बिटकॉइन वर जाईल की खाली, याच्याशी देणेघेणे नाही. पण प्रवाहाच्या आकड्यात त्याची खरेदी ‘आवक’ म्हणून दिसते. २०२४ च्या पहिल्या तिमाहीच्या १३एफ विवरणात (मोठ्या फंडांनी एसईसीला द्यायची आपल्या गुंतवणुकीची यादी) मिलेनियम या हेज फंडाकडे सुमारे दोन अब्ज डॉलरची बिटकॉइन ईटीएफ युनिट दिसली तेव्हा केवढा गाजावाजा झाला! १३एफमध्ये खरेदी केलेली युनिट दाखवावी लागतात, विकलेले वायदे दाखवावे लागत नाहीत. शिवाय तिमाही संपल्यावर ४५ दिवसांची मुदत असते, म्हणजे वाचेपर्यंत चित्र शिळे झालेले असते. त्याच तिमाहीत विस्कॉन्सिन राज्याच्या पेन्शन मंडळाने सुमारे १६ कोटी डॉलरची युनिट घेतली होती. विवरणात दोघेही एकाच रकान्यात दिसतात, पण दोघांची जातकुळी पूर्ण वेगळी.

आता अस्थिरतेवरचा परिणाम. बेसिस रुंद असताना हे फंड हजर बाजारात घेतात आणि वायद्यात विकतात. वायदे फार पुढे पळू लागले की त्यांना मागे खेचतात. हा शांत करणारा परिणाम. बेसिस आक्रसून ट्रेझरी बिलाच्या खाली गेला की उलटा प्रवास: युनिट विकायची, वायदे परत घ्यायचे. दोन्ही पाय एकाच वेळी उचलले तर भावावर निव्वळ परिणाम जवळपास शून्य. परंतु बातमीत मथळा येतो ‘ईटीएफमधून विक्रमी पैसा बाहेर’, तो वाचून इतर लोक खरोखर विकतात, आणि घसरण होते ती त्या विक्रीने. २५ फेब्रुवारी २०२५ ला एका दिवसात एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम ईटीएफमधून गेली. त्या काळात बेसिसही चांगलाच आटलेला होता, त्यामुळे ती सगळी रक्कम घाबरलेल्या गुंतवणूकदारांची मानणे चूक ठरेल.

ओळखायचे कसे? जावक मोठी आणि त्याच दिवशी सीएमईवरचे खुले सौदेही (अजून न मिटलेले वायदे) तितक्याच प्रमाणात घटले, तर बेसिसचे सौदे सुटले असे समजावे. जावक मोठी पण सीएमईवरचे खुले सौदे जैसे थे, तर ती दिशा धरून केलेली विक्री. ही कसोटी शंभर टक्के अचूक नाही, पण नुसत्या प्रवाहाच्या आकड्यापेक्षा खूपच बरी.

एक खाचखळगा आणखी. मार्केट मेकर आधी युनिट विकून नंतर गठ्ठा काढू शकतो. म्हणून आज दिसणारी आवक कालच्या मागणीची असू शकते. प्रवाह आणि भाव यांचा संबंध त्याच तारखेवर जुळवू नका. प्रवाह एक दिवस मागे सरकवूनही पाहा.

दीपमाळ

हिशेबनीस, फार उपयोगी प्रतिसाद. पण मूळ दाव्यावरच माझा आक्षेप आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात, म्हणजे ईटीएफ यायच्या कितीतरी आधी, बिटकॉइनची अस्थिरता नीचांकाच्या आसपास होती. उलट त्या काळात ऑर्डर बुक (उभ्या असलेल्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरची यादी) विरळ होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स आणि तिची जोडीदार ट्रेडिंग कंपनी अलामेडा कोसळल्यावर बाजारातले मोठे मार्केट मेकर मागे सरले होते आणि खोली लवकर परत आली नव्हती. मग शांततेचं श्रेय फंडांना कसं देणार? बाजाराचं एकूण मूल्य वाढलं की भाव हलवायला जास्त पैसा लागतो, एवढंही कारण पुरेसं असू शकतं.

हिशेबनीस

आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच ‘आधी-नंतर’ अशी साधी तुलना मला मान्य नाही. शांतता दोन प्रकारची असते. कुणी खेळतच नाही म्हणून शांत, ती २०२३ ची. आणि दोन्ही बाजूंनी भरपूर मागणी-पुरवठा उभा आहे म्हणून शांत, ती वेगळी. दोन्हींत रेषा सपाटच दिसते, पण मोठी ऑर्डर आली की फरक कळतो.

म्हणून अस्थिरतेबरोबर बाजाराची खोली मोजा. मधल्या भावापासून १ टक्का वर आणि १ टक्का खाली किती डॉलरच्या ऑर्डर उभ्या आहेत ते दर तासाला नोंदवा, नंतर आठवड्याच्या दिवसांप्रमाणे वेगळे करा. २०२४ च्या जून-जुलैत जर्मन सरकारने जप्त केलेले जवळपास ५०,००० बिटकॉइन विकले आणि त्याच सुमारास माउंट गॉक्स या बुडालेल्या जुन्या एक्स्चेंजच्या धनकोंना वाटप सुरू झाले. भाव खाली आला, पण बाजार मोडला नाही, आणि विक्री संपताच सावरला. विरळ बाजारात तेवढा माल एवढ्या मुकाट पचला नसता, असे माझे मत आहे.

दुसरी अडचण कारण आणि परिणाम यांची. आवक वाढली म्हणून भाव चढला, की भाव चढला म्हणून आवक वाढली? दोन्ही होते. फंडांत येणारे बरेच लोक कालच्या तेजीमागे धावत येतात. त्यामुळे आवक आणि भाव एकत्र वर गेलेले दाखवून काहीच सिद्ध होत नाही.

रेवा

ऑप्शनबद्दल कुणी बोललं नाही म्हणून थोडं लिहिते. सपाट दिवसांचं मोठं कारण मला तिथे दिसतं.

आयबिटवरचे ऑप्शन १९ नोव्हेंबर २०२४ ला सुरू झाले. एक सौदा १०० युनिटचा, म्हणजे सुमारे ०.०५७ बिटकॉइन. सुरुवातीला एका पक्षाला २५,००० सौद्यांची मर्यादा होती, हिशेब केला तर १,४०० बिटकॉइनच्या आसपास. २०२५ च्या जुलैमध्ये ती अडीच लाखांवर नेली. मर्यादा वाढल्यावर मोठ्या फंडांना हात मोकळे मिळाले.

युनिट धरून बसलेला फंड वरच्या भावाचा कॉल (त्या भावाला युनिट घेण्याचा हक्क) विकतो. युनिट ६० ला असेल तर समजा ६६ चा. प्रीमियम खिशात, ६६ च्या वरचा नफा सोडून दिला. तो कॉल घेतो डीलर (ऑप्शनचा मार्केट मेकर), आणि डीलरला दिशेचा धोका नको असतो, म्हणून तो समोर युनिट विकून ठेवतो. भाव चढला की त्याच्या कॉलचा डेल्टा (युनिट एक डॉलर हललं की कॉल किती हलतो ते) वाढतो, मग तो आणखी युनिट विकतो. भाव उतरला की डेल्टा कमी होतो, मग विकलेली परत घेतो. म्हणजे चढत्या बाजारात विक्री, उतरत्या बाजारात खरेदी, तीही रोज, ठरलेल्या गणिताने. असे हजारो सौदे उभे असले की भाव एका पट्ट्यात कोंडला जातो. त्यातून ऑप्शनचा प्रीमियम उतरतो, अपेक्षित अस्थिरता खाली येते.

पण हे ब्रेक फक्त त्या पट्ट्यात लागतात. भाव वेगाने पट्ट्याबाहेर गेला की डीलरची खरेदी-विक्री संपते. आणि घाबरून सगळे पुट (ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क) घ्यायला धावले तर डीलर पुट विकणाऱ्याच्या जागी येतो. मग गणित उलटतं: भाव पडला की त्यालाही विकावं लागतं. महिनाभर कोंडलेला भाव दोन दिवसांत सुटतो तेव्हा प्रत्येक वेळी ‘कुणीतरी पाडलं’ असं नसतं, बऱ्याचदा आधार देणारं हेजिंग (धोका झाकायला केलेली ही खरेदी-विक्री) संपलेलं असतं. मुदत संपण्याच्या शुक्रवारनंतरचे दिवस म्हणून बघण्यासारखे.

कोकणकडा

घनमूळच्या ‘दारं बंद असताना’ या मुद्द्यावर येतो. १० ऑक्टोबर २०२५ ची वेळ मिनिटामिनिटाने लावून बघा, त्याहून चांगलं उदाहरण नाही.

६ ऑक्टोबरला बिटकॉइन १,२६,००० च्या आसपास, तोवरच्या सर्वोच्च भावाला. १० तारखेला शुक्रवार. ईटीएफचं मुख्य सत्र न्यूयॉर्कच्या दुपारी चारला संपलं. पाचच्या जरा आधी ट्रम्प यांची चिनी मालावर आणखी १०० टक्के आयातशुल्काची घोषणा आली. सीएमई तेव्हा शुक्रवारी पाचला बंद व्हायचं, रविवारी संध्याकाळी सहापर्यंत. सगळ्यात खोल दरी पडली पाचनंतरच्या वीसेक मिनिटांत, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे पावणेतीनच्या सुमारास.

त्या वेळी चालू काय होतं? परदेशी एक्स्चेंजवरचे मुदत नसलेले वायदे, उसन्या पैशावरचे. तिथे कोणी मार्जिन कॉल करून वाट बघत नाही. मार्जिन संपलं की इंजिन स्वतः पोझिशन विकतं. त्या विक्रीने भाव खाली, त्याने पुढच्या माणसाचं मार्जिन संपतं, पुन्हा विक्री. चोवीस तासांत १९ अब्ज डॉलरपेक्षा जास्त पोझिशन कापल्या गेल्या. काही ठिकाणी विमा निधी पुरेना म्हणून नफ्यात असलेल्यांच्या पोझिशनही सक्तीने बंद केल्या. मार्केट मेकरचं हेज असं एका बाजूने उडालं की तो दुसऱ्या बाजूच्या ऑर्डरही काढून घेतो, आणि ऑर्डर बुक आणखी रिकामं होतं.

स्वस्त झालेला वायदा घेऊन महाग बाजूला विकणारा बेसिसचा फंड एरवी ही दरी भरतो. त्याचा सीएमईचा पाय बंद, ईटीएफमध्ये मुख्य सत्रानंतरची विरळ उलाढाल, नवीन गठ्ठा काढता येत नाही. तो येणार कुठून?

तरी बिटकॉइन १५ टक्क्यांच्या आसपास पडलं. फंडांचा आधार नसलेली अनेक लहान नाणी त्याच मिनिटांत निम्म्याहून जास्त पडली. १२ मार्च २०२० ला बिटकॉइनच एका दिवसात जवळपास ४० टक्के गेलं होतं. म्हणजे फरक पडला आहे, पण धक्का गेलेला नाही.

घनमूळ

नेमकं हेच म्हणायचं होतं. ५ ऑगस्ट २०२४ लाही साचा तोच. ३१ जुलैला बँक ऑफ जपानने दर वाढवला, येनमध्ये उसने घेतलेले सौदे सुटू लागले. शुक्रवारी ६०,००० च्या वर असलेलं बिटकॉइन सोमवारी आशियाई वेळेत ५०,००० च्या खाली गेलं. अमेरिकेचा बाजार उघडल्यावर त्या दिवशी ईटीएफमधून गेलेला निव्वळ पैसा घसरणीच्या मानाने किरकोळ होता. घसरण आधी झाली, आणि फंडांचा बाजार उघडला तेव्हा भाव सावरू लागला होता.

दीपमाळ

आपल्याकडच्या एक्स्चेंजवर अशा वेळी रुपयातला भाव डॉलरच्या भावापेक्षा भलताच वेगळा दिसतो, कधी वर कधी खाली. ईटीएफसारखी दरी भरणारी मंडळी इथे का नाहीत?

हिशेबनीस

करामुळे. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो, नफ्यावर नव्हे, पूर्ण रकमेवर. तो विवरणपत्रात परत मिळतो हे खरे, पण वर्षभर अडकतो. दरी भरणारा माणूस अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या फरकावर दिवसातून अनेक फेऱ्या मारतो. एक लाख रुपये घेऊन उतरला आणि प्रत्येक फेरीत १ टक्का अडकला, तर ५० फेऱ्यांनंतर हातात सुमारे ६०,५०० उरतात. भांडवलच आटते.

त्यात नफ्यावर सरसकट ३० टक्के, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. हेजिंगमध्ये एक पाय तोट्यात जाणारच असतो. नफ्याच्या पायावर पूर्ण कर आणि तोट्याचा पाय वाया, मग हेज करणार कोण? म्हणून इथले ऑर्डर बुक विरळ राहते आणि परदेशातला १५ टक्क्यांचा झटका इथे कधी १२ तर कधी १८ वाटू शकतो. रुपयातल्या भावावरून अस्थिरता मोजू नका. त्यात बाजाराची हालचाल किती आणि इथल्या दरीची किती, हे वेगळे काढता येत नाही.

रेवा

ईथरलाही (बिटकॉइननंतरचं मोठं क्रिप्टो नाणं) हे सगळं जसंच्या तसं लावू नये, कुणी विचारण्याआधीच सांगते. त्याचे ईटीएफ २३ जुलै २०२४ ला आले. ग्रेस्केलच्या जुन्या ईथर ट्रस्टचं शुल्क अडीच टक्के होतं, त्यामुळे जावकीचा तोच प्रयोग पुन्हा झाला, आणि दोनच आठवड्यांत येनच्या सौद्यांमुळे झालेली घसरण आडवी आली. पहिल्या महिन्याचे आकडे बघून ‘ईटीएफने ईथर पाडलं’ म्हणणाऱ्यांनी या दोन गोष्टी वेगळ्या काढून पुन्हा मोजावं. शिवाय ईथर धरून ठेवणाऱ्याला स्टेकिंगचं (नाणी नेटवर्ककडे अडकवून ठेवण्याचं) उत्पन्न मिळू शकतं, ते सुरुवातीच्या ईटीएफमध्ये नव्हतं. त्यामुळे ईथरमध्ये बेसिसच्या सौद्याचा हिशेबही वेगळा बसतो.

कोकणकडा

सीएमईने २०२५ मध्ये जाहीर केलंय की क्रिप्टो वायदे आठवड्याचे सातही दिवस चोवीस तास चालवणार. मग शनिवार-रविवारची दरी संपेल ना, घनमूळ?

घनमूळ

निम्मी. एकच पाय मोकळा होतो. बेसिसच्या फंडाला वायदा शनिवारी विकता येईल, पण समोरचं ईटीएफ युनिट शुक्रवारी दुपारी चारपासून सोमवारी सकाळी साडेनऊपर्यंत मुख्य सत्राबाहेर, म्हणजे साडेपासष्ट तास. वायद्यात तोटा दिसू लागला तर मार्जिन शनिवारीच भरावं लागणार, आणि नफ्यातली युनिट विकून पैसा उभा करता येणार नाही. बँकेचे डॉलरही शनिवारी हलत नाहीत. अशा वेळी सावध फंड शुक्रवारी दुपारीच सौदा आखडता घेईल.

२९ जुलै २०२५ पासून एसईसीने गठ्ठा रोखीऐवजी थेट बिटकॉइन देऊन-घेऊन करायला परवानगी दिली आहे. ज्याच्याकडे प्रत्यक्ष बिटकॉइन आहे तो शनिवारी निदान ते विकू शकेल किंवा तारण ठेवू शकेल. तेव्हा पुढे बघायचं ते हे: फंडांच्या बेसिसच्या सौद्यात युनिटचा वाटा घटून प्रत्यक्ष नाण्याचा वाटा वाढतो का. सीएमईचे शनिवारचे खुले सौदे आणि शुक्रवारी रात्रीची १ टक्का खोली, हे दोन आकडे शेजारी-शेजारी नोंदवत गेलं तर सहा महिन्यांत उत्तर दिसायला लागेल. खोली मोजायला आपल्याकडची शनिवारी पहाटे अडीच ते साडेतीन ही वेळ धरा. हिवाळ्यात एक तास पुढे.